कॉलर एकदाच उलटते

शर्टाची कॉलर उलटून देणारा माणूस आता पुण्यात शोधायचा म्हटलं तर चपला झिजतील. नव्या लोकांना हा काय प्रकार असतो तेच ठाऊक नाही, आणि ज्यांना ठाऊक आहे ते आपण एकेकाळी असले शर्ट घालून लग्नाला गेलो होतो हे कबूल करणार नाहीत. म्हणून आधी सांगून टाकतो. शर्ट जुना झाला की सगळ्यात आधी मानेपाशी, कॉलरच्या घडीवर विरतो. बाकी शर्ट ठणठणीत असतो. मग शिंपी काय करायचा, तर कॉलर गळ्याच्या पट्ट्यापासून उसवायचा, फिरवायचा आणि खालची कोरी बाजू वर आणून पुन्हा शिवून टाकायचा. आणखी तीन वर्षं बघायला नको.

रंगनाथ बगाडे यांनी हे काम नारायण पेठेत एका जिन्याखालच्या चार फुटी दुकानात पंचेचाळीस वर्षं केलं. त्यांच्या आधी त्यांच्या वडिलांनी केलं. नवे कपडेही शिवत, पण नाव झालं ते कॉलरसाठी. वडिलांनी एक शिस्त घालून दिली होती. कॉलर उलटली की पट्ट्याच्या आतल्या अंगाला, बरोबर मानेच्या मणक्यावर येईल अशा जागी, लाल धाग्याची एक बारीक फुली घालायची. बाहेरून ती कोणाला दिसत नाही. शिंप्याला मात्र कळतं की या शर्टाची एकदा उलटून झाली आहे. कॉलरला बाजू दोनच. दुसरीही विरली की मग त्या शर्टाला हात लावायचा नाही, गिऱ्हाईक कितीही गळ्यात पडलं तरी.

आणि गिऱ्हाईक गळ्यात पडायचंच. एक निवृत्त हेडक्लार्क असाच फुलीवाला शर्ट घेऊन आले होते.

"साहेब, ही एकदा उलटून झालीय," रंगनाथराव म्हणाले.

"मग आता सुलटी करा."

"सुलटी बाजू फाटली म्हणूनच तर उलटली होती."

"ते मला सांगू नका. शिंपी तुम्ही आहात."

रंगनाथरावांनी शर्टाची सुरेख घडी घालून तो परत दिला. ते गृहस्थ पुढची दोन वर्षं दुकानासमोरून जाताना पलीकडच्या फुटपाथवरून जात होते.

मग ती इमारत नव्याने बांधायला निघाली, जिना गेला आणि जिन्याखालचं दुकानही गेलं. रंगनाथराव, त्यांच्या पत्नी सत्यशीलाबाई आणि पायमशीन असे तिघे वारज्याला, मुलाकडे, सातव्या मजल्यावर राहायला आले. मुलगा आनंद आणि सून सकाळी आठला कंपनीच्या बसने हिंजवडीला जात ते दिवेलागणीला परतत. मशीन बाल्कनीत कुंड्यांच्या शेजारी बसलं. घर चांगलं होतं, मुलगा चांगला होता, तक्रारीला जागा नव्हती, आणि रंगनाथरावांचा जीव नुसता गुदमरत होता. सोसायटीत अडीचशे फ्लॅट, पण दुरुस्तीला कोणी एक गुंडीसुद्धा आणून देईना. खाली कचऱ्याच्या डब्यांपाशी मात्र दर रविवारी कपड्यांची गाठोडी येऊन पडत.

रंगनाथराव ती गाठोडी सोडून बघत. वॉचमनने आनंदला सांगितलं. आनंद अवघडून म्हणाला, "बाबा, लोक बघतात."

"बघू देत. टाकताना नाही लाज वाटली त्यांना," रंगनाथराव म्हणाले आणि पुढच्या रविवारी पुन्हा खाली गेले.

तिथेच त्यांना तनया भेटली. तिशीतली मुलगी, कापडाच्या तंत्राचं शिक्षण घेतलेली, चांगली नोकरी सोडून हा जुन्या कपड्यांचा उद्योग अंगावर घेतलेली. वारज्यातच, हमरस्त्यामागे, तिने एक पत्र्याची शेड घेतली होती. सोसायट्यांमधून कपडे गोळा करायचे, निवडायचे आणि ज्याचं जे होईल ते करायचं, असं तिचं काम. ती टेम्पोत गाठोडी चढवत असताना एक म्हातारे गृहस्थ जवळ आले, वरच्या शर्टाची बाही चिमटीत धरून चोळली आणि म्हणाले, "हा टेरिकॉट आहे. तुम्ही सुतीत टाकलाय."

"प्युअर कॉटन आहे काका. लेबल बघा ना."

"लेबल छापणाऱ्याच्या हातात असतं. कापड माझ्या हातात आहे."

तनयाने शिवणीतून एक दोरा ओढून काडीने पेटवला. सुती दोरा कागदासारखा जळून राख होतो. या दोऱ्याचं टोक आकसलं आणि त्याचा काळा कडक मणी झाला. म्हणजे त्यात पॉलिस्टर होतं. तिने बाहीतूनही एक धागा काढून पेटवला, तोही तसाच. सोमवारपासून रंगनाथराव शेडमध्ये कामाला जाऊ लागले.

शेडमध्ये तीन ढीग असत. पहिला, अजून अंगात घालता येतील अशा कपड्यांचा. ते धुऊन, इस्त्री करून विकले जात. दुसरा, फाटक्या पण शुद्ध सुती कपड्यांचा. ते गिरणीत जाऊन फाडले जाणार, पिंजले जाणार आणि त्यांचा पुन्हा धागा निघणार. तिसरा मिश्र कापडाचा. त्याचं गाद्यांतलं भरण होई. तनयाची सगळी धडपड त्या दुसऱ्या ढिगासाठी होती. एका गिरणीने तिला पहिली संधी दिली होती: दोन टन शुद्ध सुती माल, शनिवारच्या ट्रकने. एवढा माल असेल तरच आम्ही तुमच्यासाठी मशीन साफ करून लावू, नाहीतर पुढच्या वर्षी बघू, असं त्यांनी सांगितलं होतं. पुढच्या वर्षापर्यंत शेडच राहील की नाही, याची तनयाला खात्री नव्हती.

रंगनाथरावांचा हात एकदा कापडावरून फिरला की शंका उरत नसे. तीन महिन्यांत एकदाही त्यांनी निवडलेला शर्ट चुकीच्या ढिगात गेला नाही. अडचण एकच होती. ज्या शर्टांची फक्त कॉलर विरली होती, तेही दुसऱ्या ढिगात पडत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी एक शर्ट उचलून तनयाला दाखवला होता.

"ताई, याला काही झालेलं नाही. कॉलर उलटली की झालं."

ती फोनवर होती. "काका, कॉलर गेली म्हणजे शर्ट गेला. एकेक शर्ट घेऊन बसायला टाइम नाहीये आपल्याकडे."

रंगनाथराव गप्प बसले. आता इथे दुसरा माणूस गप्प बसला असता तर तो खरोखरच गप्प बसला असता. हे बसले ते विचार करत. आपल्याकडे वेळ नाही असं ताई म्हणतात, पण आपल्याकडे तर भरपूर आहे. त्या दिवशी घरी जाताना त्यांच्या कापडी पिशवीत पाच शर्ट होते. दुसऱ्या दिवशी सहा.

यात आपण कोणाला न विचारता माल उचलतो आहोत, हे त्यांच्या मनातही आलं नाही. शिंप्याच्या घरात दुसऱ्याचे कपडे असतातच. ते दुसऱ्याचेच असतात, काम झालं की परत जातात. जन्मभर पिशवीत लोकांचे कपडे घालून घरी नेलेल्या माणसाला हे चोरीसारखं दिसतं असं कोणी सांगितलं असतं, तर तो खो खो हसला असता. दोन-तीनशे झाले की एकदम ताईंसमोर मांडायचे आणि त्यांचं तोंड बघायचं, एवढाच त्यांचा बेत होता. म्हातारपणी माणसाला असं काहीतरी लहान मुलासारखं हवं असतं.

सत्यशीलाबाईंना मात्र बेत पसंत नव्हता. रोज सकाळी त्या नवऱ्यासाठी दहा सुया ओवून एका चिंधीत टोचून ठेवत, कारण रंगनाथरावांना आता सुईचं नेढं दिसत नसे, आणि ओवता ओवता त्यांची सरबत्ती सुरू असे.

"पलंगाखाली शर्ट. माळ्यावर शर्ट. काल डाळीचा डबा काढायला गेले तर मागे शर्ट. अहो, एवढी मुलं मी तुम्हाला दिली नाहीत, कोणासाठी चाललंय हे?"

"थोडे राहिलेत."

"थोडे तुम्ही उलटलेले आहेत. राहिलेत ते पुष्कळ आहेत."

ते खरंच होतं. आणायचा वेग उलटण्याच्या वेगापेक्षा जास्त होता. गुरुवारपर्यंत घरात साडेचारशे शर्ट जमले होते. त्यातल्या तीनशेंच्या कॉलरी उलटून झाल्या होत्या.

त्याच गुरुवारी शेडमध्ये दुसरा ढीग वजनाला लागला. वजनाचं काम संभाजीकडे होतं. खडकवासल्याकडचा, चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. गासड्या एकेक करून काट्यावर चढल्या आणि उतरल्या. शेवटची उतरल्यावर त्याने डोकं खाजवलं.

"ताई, दोन टनाला सत्तर किलो कमी भरतंय."

"शक्य नाही. मी महिनाभर एंट्री बघतेय. परत कर."

परत केलं. सत्तरच कमी.

"काटा खोटं बोलत न्हाई ताई," संभाजी म्हणाला. "माल आला व्हता. आता न्हाई. कोनीतरी नेलाय."

तनया एका गासडीवर बसली. तिने दोन्ही हातांनी कपाळ धरलं. शेडमध्ये निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले, आणि प्रत्येकीला वाटलं की संशय आपल्यावरच येणार. इंदुबाई तर न विचारता आपली पिशवी उलटी करून दाखवू लागली. तिच्या डब्याचं झाकण सिमेंटवर गडगडत गेलं.

त्या आवाजाने रंगनाथरावांनी हातातला शर्ट खाली ठेवला. सत्तर किलो. एक शर्ट दोनशे ग्रॅम धरला तरी त्यांच्या घरात नव्वद किलो होते. ते उठले. "इंदुबाई, पिशवी ठेवा," ते म्हणाले. "ताई, माल माझ्या घरी आहे."

इंदुबाईने गडगडत गेलेलं झाकण उचललं.

"चोरला नाही. उलटायला नेला होता. कॉलरी."

तनया त्यांच्याकडे बघत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं. "काका," ती हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही मला एकदा विचारायचं ना."

"विचारलं होतं," एवढं त्यांच्या ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं, कारण विचारलं होतं हे खरं असलं तरी उत्तरही मिळालं होतं. जिन्याखालचं दुकान गेलं तेव्हा त्यांचा काही दोष नव्हता. ही जागा गेली तर ती आपल्या हाताने गेली, हे त्यांना लख्ख कळत होतं. एकाहत्तराव्या वर्षी तिसरी जागा कोण देतं?

शुक्रवारी सकाळी दोन रिक्षा शेडपाशी थांबल्या. एकीत नुसती गाठोडी होती. दुसरीत गाठोड्यांच्या मध्ये रंगनाथराव आणि सत्यशीलाबाई.

"तुम्ही कशाला त्रास घेतलात काकू?" तनया म्हणाली.

"माझ्या पलंगाखालचा माल आहे, मी येणारच. आणि यांना पोलीस नेणार असतील तर सुया कोणाकडे द्यायच्या तेही सांगून ठेवते." सत्यशीलाबाईंनी चिंधी पुढे धरली. तनयाला हसू आलं, आणि आल्यावर ते आवरलं नाही.

मग तिने गाठोडं सोडलं. वरचा शर्ट फिकट पिवळा होता. तिने कॉलर बोटांनी चाचपली, घडी उघडली, टीप बघितली, पुन्हा घडी घातली. दुसरा घेतला. तिसरा. कापडाचं शिक्षण घेतलेली मुलगी, तिला शिवण कुठे उसवली होती ते शोधून सापडेना.

"ही उलटलेली आहे?"

"आत बघा. लाल फुली."

तिने बघितली. शर्ट पुन्हा गाठोड्यावर ठेवला. मग म्हणाली, "काका, मला सत्तर किलो पाहिजेत. आज संध्याकाळपर्यंत. यातले कुठले द्यायचे ते मी नाही ठरवणार. तुम्ही ठरवा." आणि ती दुसऱ्या कामाला निघून गेली.

यापेक्षा तिने हाकलून दिलं असतं तर सोपं गेलं असतं. रंगनाथराव शेडच्या दारात, उन्हात स्टूल टाकून बसले. न उलटलेले दीडशे तर द्यायचेच, असं त्यांनी ठरवलं. ते सगळे दिले तरी तीस किलोच भरणार होते. उरलेले चाळीस त्यांच्या स्वतःच्या कामातून जायचे होते.

त्यांनी पहिला उलटलेला शर्ट दोन्ही हातांनी उन्हाकडे धरला. गेल्या तीन महिन्यांत हे त्यांनी एकदाही केलं नव्हतं. दुकानात करत. गिऱ्हाइकाने शर्ट पुढे केला की आधी पाठ उजेडाला धरून बघायची, मग कॉलरला हात लावायचा, हेही वडिलांनीच शिकवलेलं. पण इथे घाई होती, उत्साह होता, आणि बाल्कनीत दुपारनंतर ऊन नव्हतं. पाठीच्या कापडातून समोरचा रस्ता दिसला. रस्त्यावरचा टेम्पो दिसला. टेम्पोवरचा नंबरसुद्धा दिसला.

कॉलर सुरेख होती. शर्ट मेलेला होता.

दुसऱ्याच्या खांद्यावर जाळी झाली होती. तिसरा चांगला निघाला, चौथा पुन्हा तसाच. रंगनाथराव मान खाली घालून बसले. पंचेचाळीस वर्षांची आपली नजर, आणि आपण नुसत्या कॉलरी बघत होतो. शर्ट बघितलाच नाही. आपल्याला हाताला काम हवं होतं, शर्टाला काय हवंय ते विचारलंच नाही. त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

सत्यशीलाबाई शेजारी येऊन बसल्या. त्यांना न सांगता सगळं कळलं, कारण त्यांनी पन्नास वर्षं हेच केलं होतं. "आणा इकडे," त्या म्हणाल्या. "तुम्ही धरा, मी बटणं काढते."

गिरणीत जाणाऱ्या शर्टाची बटणं आधी काढावी लागत. दोघांचं काम सुरू झालं. उजेडाला धरायचा, बघायचा, धड असेल तर डावीकडे आणि गिरणीचा असेल तर उजवीकडे टाकायचा. आपण उलटलेली कॉलर प्रत्येक वेळी उजवीकडे टाकताना रंगनाथरावांचा अंगठा त्या टिपेवर क्षणभर थांबे. दुपारी जेवायलाही ते उठले नाहीत. संभाजीने चहा आणून ठेवला आणि नंतर रिकामा कप नेला.

चार वाजता न उलटलेल्या गठ्ठ्यातून एक शर्ट हाती आला. पांढरा, त्यावर बारीक निळी रेघ. कॉलर घडीवर पार विरलेली. म्हणूनच तो त्यांनी पिशवीत घातला असणार. सवयीने त्यांनी पट्टा उघडला. आत, मणक्याच्या जागी, एक बारीक फुली होती. लाल नव्हती राहिली, धुऊन धुऊन गुलाबी झाली होती. दुसरा टाका थोडा डावीकडे झुकलेला. असा टाका फक्त त्यांचाच पडत असे. वडील त्यावरून बोलत.

त्यांनी शर्ट मांडीवर पसरला. कोणाचा होता, काही केल्या आठवेना. त्या 'सुलटी करा'वाल्या हेडक्लार्कांचा असता तर मजा आली असती, पण ते कायम खाकी घालत. कोणीतरी दुसऱ्याच माणसाने हा दुकानात आणला होता, नेला होता, वर्षानुवर्षं घातला होता. मग कदाचित मुलाने घातला असेल, मुलाने कोणाला दिला असेल, आणि फिरत फिरत तो वारज्याच्या या शेडमध्ये येऊन पडला होता. एक बाजू पूर्ण घालून झाली होती, दुसरीही पूर्ण घालून झाली होती. पाठ उजेडाला धरायचीसुद्धा गरज नव्हती. रंगनाथरावांना भरून आलं, पण त्यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. इतकं पुरेपूर वापरलेलं कापड त्यांनी फार दिवसांत पाहिलं नव्हतं.

"काय हो?" सत्यशीलाबाईंनी विचारलं.

"आपलाच आहे."

सत्यशीलाबाईंनी बघितलं. फुलीवरून बोट फिरवलं. "मग द्या की," त्या म्हणाल्या. "याचं सगळं झालंय."

या शर्टाची बटणं रंगनाथरावांनी स्वतः काढली, सहाही, आणि खिशात टाकली. शर्टाची नीट घडी घातली. पिंजायला जाणाऱ्या मालाची घडी कोणी घालत नाही, पण त्यांनी घातली आणि तो उजवीकडे ठेवला. त्यानंतर त्यांचा अंगठा कुठल्याही टिपेवर थांबला नाही.

संध्याकाळी संभाजीने काटा लावला. बासष्ट किलो. डावीकडे एकशे चाळीस शर्ट उरले होते, प्रत्येकाची पाठ शाबूत, कॉलर कोरी. अजून आठ किलो हवे होते. रंगनाथराव उठले आणि त्या डाव्या गठ्ठ्याकडे वळले.

"थांबा काका." तनयाने गिरणीत फोन लावला, स्पीकरवर. आठ किलो कमी आहेत, चालेल का, असं तिने जीव मुठीत धरून विचारलं.

"आठ?" पलीकडचा माणूस म्हणाला. "अहो मॅडम, तेवढं तर धुळीत जातं. पाठवा."

शनिवारी ट्रक गेला. सोमवारी रंगनाथराव येऊन नेहमीच्या जागी बसावं की दारात उभं राहावं अशा विचारात घुटमळत होते, तेवढ्यात संभाजी आणि आणखी एक माणूस त्यांचंच पायमशीन उचलून आत घेऊन आले. सत्यशीलाबाईंनी सकाळीच फोन करून ते घेऊन जायला बजावलं होतं. बाल्कनी मोकळी हवीय म्हणे. शेडमध्ये आता चौथा ढीग होता. तिथे तनयाने पुठ्ठ्यावर लिहिलं होतं: 'आधी उजेडात बघा, मग बगाडेकाकांना द्या.'

"टाइम नाहीये ना आपल्याकडे?" रंगनाथरावांनी विचारलं. पेठेतला माणूस, संधी सोडेल कशी.

"टोमणे मारू नका काका. बसा."

ते बसले. पहिला शर्ट झाला. तनया शेजारी उभी राहून बघत होती. कॉलर बसली, टीप पडली, आणि त्यांनी लाल रीळ काढलं.

"इथे कुठे कोणी गिऱ्हाईक येणार आहे भांडायला? फुली कशाला आता?"

"परत येईल तेव्हासाठी."

"कोण?"

"शर्ट. दहा वर्षांनी येईल. तुमच्याकडेच येईल, दुसरीकडे जाणार कुठे? फुली दिसली की त्याला गिरणीत पाठवा. उलटायला घेऊ नका." त्यांनी सुई उजेडाकडे धरली, डोळे बारीक केले, दोरा नेढ्याच्या बाजूने गेला. "तेव्हा सांगायला मी नसेन ना. तुम्हाला कळायला हवं."

तनयाने त्यांच्या हातातून सुई घेतली, लाल दोरा ओवला, आणि मग एकेक करून आणखी नऊ सुया ओवून चिंधीत टोचून ठेवल्या.